ओआहाकाची सालसा : ज्याचे तिखट त्याच्या हाती

दक्षिण मेक्सिकोतील ओआहाका हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५५० मीटर उंचीवर, डोंगरांच्या वेढ्यात वसले आहे. शहराचा जुना भाग आणि जवळचे मॉन्ते आल्बान येथील प्राचीन अवशेष १९८७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. पर्यटक येतात ते हे सारे पाहायला. पण ओआहाकाची माणसे समजून घ्यायची असतील, तर बाजारात जावे आणि मग एखाद्या घरी जेवायला बसावे.

शनिवारी येथील 'सेंत्राल दे आबास्तोस' या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. आसपासच्या खेड्यांतील बायका टोमॅटो, कांदे, लसूण यांचे वाटे मांडून बसतात, अगदी आपल्या आठवडी बाजारासारख्या. पातळ कागदी आवरणातले आंबट, हिरवे 'मिल्तोमाते' असतात. मिरच्याही नाना तऱ्हेच्या. ताजी, फिकट हिरवी 'चिले दे आग्वा' आणि धुरावर वाळवलेली, सुरकुतलेली 'पासिया' या खास याच भागातल्या.

या जिनसांतूनच घरोघर सालसा होते. टोमॅटो, मिरच्या आणि सालासकट लसूण तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजतात. मग ज्वालामुखीच्या खडबडीत दगडाच्या, तीन पायांच्या खलात, म्हणजे 'मोल्काहेते'त, आधी मीठ व सोललेला लसूण, मग मिरची आणि शेवटी टोमॅटो वाटतात. वरून चिरलेला कांदा व कोथिंबीर. नवा खल आणला की त्यात तांदूळ पुन्हापुन्हा वाटून दगडाची कच निघेपर्यंत घासतात. असा मुरलेला खल आईकडून लेकीकडे जातो. आता घाईच्या दिवशी मिक्सर फिरतोच, पण दगडावरची चव निराळी, हे तिथल्या गृहिणीही आपल्यासारखेच सांगतात.

ही चटणी काही आजकालची नाही. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साआगुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने मेक्सिकोतील लोकजीवनाची तपशीलवार नोंद केली. तीत बाजारात टोमॅटो आणि तयार चटण्या विकणाऱ्यांचेही वर्णन आहे. मिरची आणि टोमॅटो मूळचे तिकडचेच. त्याच शतकात पोर्तुगीजांबरोबर मिरची गोव्यात उतरली. कांदा, लसूण आणि कोथिंबीर मात्र स्पॅनिश लोकांनी तिकडे नेली. म्हणूनच ठेचा खाणाऱ्याला सालसा परकी वाटत नाही.

फरक आहे तो वाढण्यात. आपण तिखट फोडणीतच घालतो. मग आजोबांना सोसत नाही, मुले रडतात आणि घरच्या बाईला दोन भाज्या कराव्या लागतात. ओआहाकात काळ्या घेवड्याची रोजची उसळ बहुधा सौम्यच असते. मक्याच्या गरम तोर्तियांबरोबर सालसाची वाटी टेबलाच्या मधोमध येते आणि जो तो आपल्याला झेपेल तेवढी घेतो. लहान मूल आधी बोटाचे टोक बुडवते, वर्षभराने अर्धा चमचा घेते. तिखट खायला शिकण्याची तिथे सक्ती नसते आणि कोणासाठी वेगळे पातेलेही चढत नाही.

१९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत बाटलीतल्या सालसाने विक्रीत टोमॅटो केचपलाही मागे टाकल्याच्या बातम्या गाजल्या. बाटली सोयीची खरी, पण आज कोणाचा घसा बसलाय, कोणाला झणझणीत हवे आहे, हे तिला कसे कळणार?

आपल्याकडे हे सहज जमण्यासारखे आहे. चार पिकलेले टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या दोन पाकळ्या तव्यावर भाजा, खलबत्त्यात जाडसर वाटा. त्या दिवशी आमटी-भाजीत तिखट कमी घाला आणि वाटी सर्वांच्या हाताला येईल अशी ठेवा. एकाच पातेल्यातले जेवण आजोबांना आणि नातवंडांना एकत्र जेवता येईल.