नववीत पेटी का बंद करायची?

डिसेंबरात, उन्हाळ कांद्याच्या लागवडीच्या गडबडीतून वेळ काढून एक आई नववीतल्या मुलीला माझ्या देवळ्याच्या दवाखान्यात घेऊन आली. शाळेच्या वेळी पोट दुखतं, रात्री लवकर झोप लागत नाही. वजन घटलेलं नव्हतं, ताप नव्हता, रिपोर्टही नॉर्मल. बोलता बोलता कळलं, दिवाळीनंतर मुलीला शाळेच्या संगीताच्या गटातून काढलं होतं.

"पुढच्या वर्षी दहावी आहे ना डॉक्टर. पेटी वाजवून काय मार्क मिळणार?"

मी जरा वेळ गप्पच बसलो. हेच वाक्य माझ्या वडिलांचं होतं. आठवीपर्यंत मी शाळेत परिपाठाला पेटी वाजवायचो. नववीत ती सुटली ती सुटलीच. वाचलेल्या वेळात अभ्यास किती झाला म्हणाल, तर पुस्तक समोर ठेवून खिडकीबाहेर बघण्याचा सराव मात्र उत्तम झाला.

आता डॉक्टर म्हणून खरं सांगतो. संगीताने गणिताचे मार्क वाढतात असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. 'मोझार्ट ऐकवा, मूल हुशार होईल' हे खूळ १९९३ च्या एका प्रयोगातून पसरलं. त्यात मुलं कॉलेजची होती आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता.

मला पटतो तो दुसरा अभ्यास, शिकागोतल्या हायस्कूलच्या मुलांवरचा, २०१५ सालचा. काही मुलं शाळेच्या संगीतवर्गात होती, काही आपल्या एनसीसीसारख्या कवायतीच्या वर्गात. सुमारे तीन वर्षांनी डोक्याला इलेक्ट्रोड लावून पाहिलं, तर संगीतवाल्या मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद जास्त पक्का होता. शब्दांतले बारीक ध्वनी ओळखणं दोन्ही गटांत सुधारलं, संगीतवाल्यांचं जास्त. मुलं जेमतेम चाळीस, त्यामुळे फार ताणायला नको. पण सुरुवात चौदाव्या-पंधराव्या वर्षी झाली होती, म्हणजे नववी हे काही उशिराचं वय नव्हे.

शिवाय गटात वाजवायचं तर शेजारच्याचं ऐकावं लागतं, त्याच्यासाठी थांबावं लागतं. मोबाईलवर गाणी ऐकून हे होत नाही. दम्याच्या मुलांनीही खुशाल गावं, फक्त पंप स्वतःहून बंद करू नये. ढोल-ताशात असाल तर कानात बोळे हवेतच, कापसाचे नाही, मेडिकलमध्ये मिळतात ते. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर दाखवायला या.

त्या आईला मी एवढंच म्हटलं, आठवड्यातून दोन दिवस जाऊ द्या, रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवा. शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा दिल्या तर दहावीला वाढीव गुण मिळतात, तो नियम शाळेत विचारायला सांगितला. खरं तर तेवढं ऐकूनच त्या तयार झाल्या. माझ्या पेटीची गोष्टही सांगून टाकली.

परवा दोघी परत आल्या. पोटदुखी कमी आहे, पूर्ण गेलेली नाही. सोमवारी अजून दुखतं. वजनकाट्यावरून उतरताना मुलगी म्हणाली, "सर, तुम्हाला अलंकार आठवतात का अजून?"

मी टेबलावरच बोटं फिरवून पाहिली. पंचमापाशी अडकलो. तिने माझा अंगठा बाजूला सरकवला आणि कोणतं बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं.