कॉफीहाऊसमधील शेतमजूर

वॉशिंग्टन, 1963. ‘ऑन्टारिओ प्लेस’ नावाच्या लहानशा कॉफीहाऊसमध्ये सत्तरीच्या घरातील एक कृष्णवर्णीय गायक गिटार घेऊन बसे. समोर बहुतांशी गोरे तरुण श्रोते. मिसिसिपी जॉन हर्ट हे त्याचे नाव. त्याच वर्षाच्या प्रारंभी तो मिसिसिपीतील ॲव्हलॉन या खेड्यात शेतमजुरी करीत होता!

1928 मध्ये ‘ओके’ कंपनीने मेम्फिस व न्यूयॉर्क येथे त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली होती. ‘मिसिसिपी’ हे उपपद कंपनीनेच खपासाठी जोडलेले. तबकड्या फारशा खपल्या नाहीत. पाठोपाठ महामंदी आली आणि विषय संपला. 1952 साली हॅरी स्मिथच्या लोकसंगीत-संकलनात त्याची दोन गाणी आल्यावर नवे श्रोते चकित झाले. पण गायक हयात तरी होता का?

उत्तर त्याच्याच गाण्यात दडले होते. न्यूयॉर्कमध्ये गायलेल्या ‘ॲव्हलॉन ब्लूज’मध्ये त्याने आपल्या गावाचे नाव घेतले होते. त्या नावाचा माग काढीत टॉम हॉस्किन्स हा तरुण संग्राहक 1963 मध्ये थेट त्याच्या दारी पोहोचला. दारात अनोळखी गोरा माणूस पाहून हर्टला तो सरकारी पोलीस वाटला, असे सांगतात. त्या काळच्या मिसिसिपीत ही शंका मुळीच हास्यास्पद नव्हती. त्याच जूनमध्ये नागरी हक्कांचे नेते मेडगर एव्हर्स यांची जॅक्सन येथे घरासमोर हत्या झाली.

पुस्तके याला हर्टचा ‘शोध’ म्हणतात. हरवला होता तो संग्राहकांना. ॲव्हलॉनच्या शेजाऱ्यांना नव्हे.

आणि वादन? अंगठा खर्जाच्या तारांवर संथ, अखंड ठेका धरी. उरलेली बोटे वरच्या तारांवर चाल खेळवीत. डोळे मिटून ऐकणाऱ्यास दोन वादक बसले आहेत असे वाटावे. ब्लूज म्हणजे आक्रोश, हा समज येथे गळून पडतो. हर्ट जवळजवळ कुजबुजल्यासारखा गाई. जुलैत न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारोंनी त्याला ऐकले खरे. पण गावच्या मेळ्यांत, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर घडलेल्या या गायकीला चार भिंतींची छोटी खोलीच अधिक मानवे. दक्षिणेतील उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या पंगतीला बसू न देण्याची प्रथा बेकायदा ठरण्यास अजून वर्षभराचा अवधी होता. इथे मात्र गोरी मुले त्याच्या बोटांकडे टक लावून शिकत होती.

हे दिवस जेमतेम तीन वर्षे टिकले. हर्ट पुन्हा मिसिसिपीत राहावयास गेला आणि 2 नोव्हेंबर 1966 रोजी ग्रेनाडा येथे वारला.