मोटर फिरली, पण टेबल सरकलं का?

सुरतेत एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यांजवळ राहणाऱ्याला एक वाक्य नवीन नाही : "डिझाइन सरकली." फ्रेम थोडी चुकते, सुई आपली टाके घालत राहते आणि पाकळ्या देठाला सोडून जातात. त्या मशीनच्या डीएसटी फाइलीत मापं ०.१ मिलिमीटरच्या हिशेबाने असतात. कापडाला तेवढं चालतं, धातूला चालत नाही.

माझ्या भाच्याने उधन्यातल्या घराच्या गच्चीवर, पत्र्याखाली, स्वतः मिलिंग मशीन बांधलं. नेमा २३ स्टेपर मोटरी, ५ मिलिमीटर पिचचे बॉल स्क्रू, अर्डुइनोवर जीआरबीएल. एका कारखानदाराने त्याला ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं काम देऊ केलं. नमुना पिनांवर बसला तर पुढे नेहमीचं काम. नमुना बसला नाही. भोकांमधलं अंतर ०.०६ ने चुकत होतं.

"मामा, एन्कोडरवाल्या मोटरी घेतो. चूक झाली की मोटरच सांगेल," तो म्हणाला. त्यासाठी साठवलेले सगळे पैसे काढायची तयारी होती.

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. साधी स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, म्हणजे ५ च्या स्क्रूवर एक पाऊल ०.०२५ मिलिमीटरचं. कंट्रोलर पल्स पाठवतो. मोटर खरंच फिरली का, हे विचारत नाही. कटर अडकला तर पावलं चुकतात आणि पत्ता लागत नाही. पण अशी मोटर घसरली की चार-चार पावलांनी घसरते. म्हणजे चूक ०.१, ०.२ अशी यायला हवी, आणि पुढचं सगळं काम तेवढं सरकलेलं राहायला हवं. इथे ०.०६ होती!

मग टेबलाला डायल गेज लावलं. उजवीकडे जाताना माप बरोबर; दिशा बदलली की पहिले ०.०६ टेबल हलायचंच नाही. वीस वेळा करून पाहिलं, तेवढंच. पावलं चुकत नव्हती, स्क्रूच्या टोकाच्या बेअरिंगमध्ये प्ले होता.

एन्कोडर बसतो मोटरच्या शाफ्टवर. तो "मी फिरलो" असं खरंच सांगेल, पण पुढे कपलिंग, स्क्रू, नट, टेबल यांचं काय झालं ते त्याला दिसत नाही. ते पाहायला टेबलालाच काचेची स्केल लावावी लागते, मोठ्या मशीनना असते तशी. तीही प्ले तसाच ठेवून लावली तर टेबल जागेवर थरथरत राहू शकतं. उन्हाचंही तेच. ३०० मिलिमीटरचा पोलादी स्क्रू १० अंशांनी तापला की साधारण ०.०३५ ने वाढतो. मे महिन्यात पत्र्याखाली दहा अंश म्हणजे काहीच नाही. शाफ्टवरच्या एन्कोडरला हेही कळत नाही.

सॉफ्टवेअरने प्ले भरून काढता येतो, लिनक्ससीएनसीत तशी सोय आहे. मला ती फारशी पटत नाही, कारण कटर टेबल ओढायला लागला की तो प्ले पुन्हा उघडतो.

बेअरिंगचा लॉकनट आवळला, प्ले ०.०१ वर आला. दुसरा नमुना पिनांवर बसला. पुढे जड काम घेतलं तर एन्कोडरवाल्या मोटरी घ्याव्यातच. पाऊल चुकलं की मशीन थांबेल, माल वाचेल. तूर्तास त्या पैशांतून थोडे काढून त्याने स्वतःचं डायल गेज घेतलंय.