फुकटची भिंत

आमचे घराणे चार पिढ्यांचे बडोद्याचे. त्यामुळे गुजराती ही मला मावशीच्या घरची भाषा वाटते. २०२४ च्या हिवाळ्यात लेकीकडे इंग्लंडात लेस्टरला गेले, तेव्हा हीच भाषा उपयोगी पडली. शेजारी एक वृद्ध गुजराती बेन एकट्या राहत. १९७२ साली युगांडातून निर्वासित होऊन आलेल्या. दुपारच्या चहाला त्या मला आग्रहाने बोलावीत.

एके दिवशी त्यांनी निजायची खोली दाखविली. कोपऱ्यात छतापासून पलंगापर्यंत काळी बुरशी चढली होती. घर उबदार राहावे, गॅस कमी जळावा, म्हणून आदल्या वर्षी विटांच्या भिंतींना बाहेरून जाड आवरण बसवून वर गिलावा केला होता. तोही एक पैसा न घेता. परंतु फटींतून पावसाचे पाणी शिरे आणि हवा खेळायला वाटच ठेवलेली नव्हती. बेन रात्रभर खोकत. "तक्रार का करीत नाही?" मी विचारले. त्या ओशाळून म्हणाल्या, "मफतनुं छे, कोने कहीए?"

ते वाक्य मनातून जाईना. रात्री जावयांनी सारी व्यवस्था समजावून सांगितली. ही योजना २०१३ साली सुरू झाली. गरजू कुटुंबांच्या घरांत अशा सुधारणा करून देण्याचे बंधन कायद्याने मोठ्या वीज-गॅस कंपन्यांवर घातले. 'ऑफजेम' ही तेथील नियामक संस्था. कोणत्या कंपनीने किती उद्दिष्ट गाठले, याचा हिशेब ती तपासते. भिंतीचे काम नीट झाले की नाही, हे पाहणारी यंत्रणा मात्र निराळी. कंपनी ठेकेदार नेमते, ठेकेदार आणखी कुणाला. आणि खर्च? तो कंपन्या सर्व ग्राहकांच्या बिलांतून वसूल करीत होत्या.

म्हणजे ती भिंत फुकटची नव्हतीच! बेनही दरमहा तिचे पैसे भरीत होत्या.

दुसऱ्या दिवशी हे सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग चष्मा शोधून आणला. लेकीने तक्रार-अर्ज लिहिला, त्यांनी कापऱ्या हाताने सही केली.

पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. या योजनेत बाहेरून आवरण घातलेल्या घरांपैकी सुमारे ९८ टक्के घरांत दुरुस्ती आवश्यक असे मोठे दोष होते. अशी घरे बावीस-तेवीस हजार! हिशेबाच्या वहीत उष्णता वाचली होती, भिंती मात्र ओल्या होत्या. वहीवर देखरेख होती. भिंतीला हात लावून पाहणे बहुधा प्रत्येकाला दुसऱ्याचे काम वाटले.

सरकारी योजनेतले काही पदरात पडले, की आपणही हात जोडून गप्प बसतो. उपकाराला नावे कशी ठेवायची, हा संकोच. बेनांची भिंत अद्याप दुरुस्त व्हायची आहे. पण परवा फोनवर त्या म्हणाल्या, तपासणीला माणूस आला होता, आणि या वेळी त्यांनी त्याला चहाच्या आधी तो कोपरा दाखविला.