विश्रांतवाडीतला मोत्या

विश्रांतवाडीत बिऱ्हाड केले तेव्हा गावाच्या नावावर मी फार विसंबलो होतो. लोहगावच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या लढाऊ विमानांनी पहिल्याच सकाळी माझा भ्रम फेडला. आमचा मोत्या मात्र त्या गडगडाटाला ढिम्म! त्याची गाळण उडे ती माझ्या किल्ल्यांच्या किणकिणीने.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, त्याच आठवड्यात हे गावठी पिल्लू आमच्या घरात शिरले. पुढे दीड वर्ष आम्ही चौघे अष्टौप्रहर घरात. माणसे घराबाहेर जातात, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक कसे असणार? ऑक्टोबर २०२१ मध्ये महाविद्यालये उघडली, दाराला कुलूप लागले आणि मोत्याने चौकट कुरतडून काढली. दिवसभर आक्रोश. शेजाऱ्यांची तक्रार आली, तीही लेखी! "माझ्या माहेरी शेतावर पाठवू या," असे सौ. म्हणाली, त्या रात्री धाकटी जेवली नाही. मी मोत्यावर हात उगारला, ते तर चुकलेच. तासापूर्वीच्या गुन्ह्याची शिक्षा कुत्र्याला उमगत नाही. घरी येणाऱ्या धन्याची धास्ती तेवढी वाढते.

"हा हट्ट नव्हे, भय आहे," पशुवैद्य म्हणाले. मग किल्ल्या उचलायच्या आणि खुर्चीत जाऊन बसायचे, असा दिवसातून वीसदा उद्योग. पुढे दाराबाहेर अर्धे मिनिट, एक मिनिट, पाच. तो रडू लागायच्या आत परत. आल्यावर लाडाचा सोहळा नाही. बाहेर पडण्याआधी त्याला लांब फिरवून आणायचे, अंथरुणावर माझा न धुतलेला सदरा टाकायचा. ही तालीम पुरी होईपर्यंत त्याला तासन् तास एकटे ठेवायचे नाही, म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. जिन्यात ताटकळणारा मराठीचा प्राध्यापक पाहून शेजाऱ्यांची करमणूक झाली ती वेगळीच.

टोकियोच्या हाचिकोने मेलेल्या धन्याची १९२५ पासून १९३५ पर्यंत स्टेशनावर वाट पाहिली. त्याचा पुतळा आहे. पण ती चौकट पाहिल्यापासून असल्या वाट पाहण्याचे कौतुक माझ्याने करवत नाही.

जून २०२२ मध्ये, दोन वर्षांच्या खंडानंतर, ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पुन्हा पायी निघाली. वारकऱ्यांना चहा द्यायला आम्ही सारे आळंदी रस्त्यावर गेलो. तीन तास कसे सरले कळले नाही. धाकटी जिना धावत चढली आणि दाराला कान लावून उभी राहिली. आत सामसूम. कुलूप काढले, तर मोत्या सदऱ्याच्या बाहीवर हनुवटी टेकून घोरत होता. त्याने एक डोळा उघडला, आम्हाला पाहिले आणि पुन्हा मिटला.