आधी फाटक, मग आकडा

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग भोकर आणि हिमायतनगर मागे टाकून सहस्रकुंडाच्या बाजूने किनवटच्या सागवानी टापूत शिरतो. पूर्वी हा मार्ग मीटरगेज होता. आता ब्रॉडगेज आहे, पण एकेरीच. मुंबईहून निघालेली नंदिग्राम एक्सप्रेस याच वाटेने पुढे जाते आणि माहूरगडचे यात्रेकरू किनवटला उतरतात. या मार्गाला जिथे जिथे गाडीरस्ता छेदतो तिथे एक लोखंडी आडकाठी, तिच्याशेजारी एक लहानशी खोली आणि त्या खोलीत एक माणूस असे दृश्य दिसते. हंगामात कापसाने शिगोशीग भरलेले ट्रॅक्टर, तांड्यावरून येणाऱ्या बैलगाड्या, शाळेच्या मुलांनी खचाखच भरलेल्या जीपगाड्या, शेळ्यामेंढ्यांचे कळप, सारे त्या आडकाठीपाशी येऊन थबकतात. आत बसलेल्या माणसाला लोक फाटकवाला म्हणतात, रेल्वेच्या कागदोपत्री तो गेटमन असतो. अलीकडे देशात काही ठिकाणी स्त्रियाही हे काम करतात. फाटक खाली करणे आणि वर करणे, एवढ्या कामाला शिकवायचे ते काय, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो.

प्रश्न अगदीच गैर नाही. हातरहाट फिरवून आडकाठी खाली आणण्याची क्रिया अर्ध्या तासात शिकता येते. शिकवावी लागते ती गोष्ट वेगळीच आहे.

स्टेशन मास्तर फोनवरून फाटकवाल्याला सांगतो, अमुक क्रमांकाची गाडी अमुक दिशेने येत आहे. फाटकवाला ते वेळेसह वहीत लिहितो. मग बाहेर येतो, दोन्ही बाजूंची वाहने थोपवतो, फाटक बंद करतो, कुलूप लावतो. त्यानंतर परत फोनपाशी जाऊन आपल्याजवळच्या तक्त्यातला एक आकडा स्टेशन मास्तरला सांगतो. या आकड्याला खासगी क्रमांक म्हणतात. तक्त्यावर दोन अंकी आकडे असतात, पण ते चढत्या वा उतरत्या क्रमाने नसतात, त्यामुळे पुढचा आकडा कोणता हे पलीकडच्याला अंदाजाने सांगता येत नाही. एकदा दिलेला आकडा खोडला जातो, पुन्हा वापरला जात नाही. स्टेशन मास्तर तो आपल्या वहीत नोंदवतो आणि मगच गाडी पुढे सोडतो. त्या आकड्याचा अर्थ एकच: फाटक बंद आहे, कुलूप लागले आहे, मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

बँकेच्या व्यवहारात वावरलेल्या माणसाला ही पद्धत चटकन समजेल. रोख मोजून घेतल्यावर पावतीवर शिक्का मारायचा असतो. शिक्का आधी आणि मोजणी मागून, असे ज्या रोखपालाच्या अंगवळणी पडते त्याच्या खात्यात एक दिवस तूट येतेच. मात्र रोखपालाची तूट पगारातून भरून काढता येते. फाटकावरची तूट कशातूनच भरून निघत नाही. म्हणूनच गेटमनच्या प्रशिक्षणाचा गाभा क्रमात आहे. आधी फाटक, मग आकडा. सांगायला हे चार शब्द पुरतात, पण ते हाडीमासी खिळावे म्हणून पुन्हा पुन्हा उजळणी घ्यावी लागते, सक्षमतेचे प्रमाणपत्र द्यावे लागते, डोळे तपासावे लागतात आणि रात्री अवेळी जाऊन तपासणी करावी लागते. कारण क्रम बिघडतो तो अज्ञानामुळे क्वचितच. तो सवयीमुळे बिघडतो. शंभर वेळा फाटक वेळेवर बंद झालेले असते. एकशेएकाव्या वेळी हातात चहाचा पेला असतो, बाहेर पाऊस असतो, आणि ‘आता लावतोच आहे’ अशा भरवशावर आकडा आधी दिला जातो. त्या क्षणी स्टेशन मास्तरच्या वहीत फाटक बंद झालेले असते आणि रस्त्यावर ते सताड उघडे असते.

नांदेड परिसराला रेल्वे फाटकाचे दुःख परके नाही. 24 जुलै 2014 रोजी सकाळी नांदेडहून सिकंदराबादला निघालेल्या पॅसेंजर गाडीने तेलंगणातील मेदक जिल्ह्यात मासाईपेठ येथे शाळेच्या बसला धडक दिली. डझनाहून अधिक मुले गेली. तिथे फाटकही नव्हते आणि फाटकवालाही नव्हता. अशा बिनमाणसाच्या ठिकाणी वाहनचालकाने थांबावे, सोबत्याने खाली उतरून दोन्ही बाजूंना पाहावे आणि मगच वाहन पुढे काढावे, असे 1988 च्या मोटार वाहन कायद्यात लिहिलेले आहे. कायदा पुस्तकात होता, रूळ रस्त्यात होते. पुढे काही ठिकाणी ‘गेट मित्र’ नेमले गेले, कुठे भुयारी रस्ते झाले, कुठे फाटके बसवून माणसे बसवली गेली. उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात 26 एप्रिल 2018 रोजी पुन्हा शाळेचेच वाहन सापडले आणि तेरा मुलांचा बळी गेला. त्यानंतर कामाला वेग आला. जानेवारी 2019 अखेर ब्रॉडगेज मार्गांवरील बिनमाणसाची सर्व फाटके संपल्याचे रेल्वेने जाहीर केले.

माणूस बसवला म्हणजे प्रश्न मिटला, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. 8 जुलै 2025 रोजी तामिळनाडूतील कडलूरजवळ सेम्मनकुप्पम येथे तो समज ढासळला. विलुपुरमहून मयिलादुतुरैला जाणाऱ्या पॅसेंजरने शाळेच्या व्हॅनला उडवले. तीन विद्यार्थी दगावले. इथे माणूस होता, फोन होता, नियम होते. गाडी आली तेव्हा फाटक मात्र उघडे होते.

ते फाटक सिग्नलशी जोडलेले नव्हते. जोडलेल्या फाटकाला इंटरलॉक केलेले फाटक म्हणतात. तिथे आडकाठी पूर्ण खाली येऊन कुलूप लागल्याखेरीज गाडीला हिरवा सिग्नल मिळतच नाही आणि एकदा सिग्नल दिला की फाटक मनाला येईल तेव्हा उघडता येत नाही. माणूस विसरला तरी गाडी अलीकडे थांबते. जिथे ही जोडणी नाही तिथे गाडी आणि व्हॅन यांच्यामध्ये उभा असतो तो एका माणसाचा शब्द. कडलूरच्या घटनेनंतर रेल्वेने जोडणीची मर्यादा 20,000 वरून 10,000 एककांवर आणली आणि फाटकावरील फोनची ध्वनिमुद्रणे तपासण्याचे आदेश दिले.

हे एकक समजून घेण्याजोगे आहे. दिवसभरात फाटकावरून जाणाऱ्या वाहनांची मोजदाद करतात. मोटार, ट्रक, बैलगाडी यांना प्रत्येकी एक, ऑटोरिक्षाला अर्धा, दुचाकीला पाव. ही बेरीज दिवसाच्या गाड्यांच्या संख्येने गुणायची. समजा, एखाद्या फाटकावरून दिवसाला 800 एकके वाहने जातात आणि 12 गाड्या धावतात. गुणाकार 9,600. म्हणजे मर्यादा निम्म्यावर आणूनही ते फाटक जोडणीच्या आत येत नाही. याच रस्त्यावर गाड्या 40 असत्या तर आकडा 32,000 झाला असता. हिशेबाला नाव ठेवता येत नाही. पैसा मर्यादित असताना जिथे वर्दळ अधिक तिथे यंत्र आधी, हे कोणीही मान्य करील. पण या गुणाकारात माणसाचे मन धरलेले नाही. ज्या फाटकावर दर पंधरा मिनिटांनी गाडी येते तिथला माणूस आपोआप सावध राहतो. किनवटसारख्या मार्गावर दोन गाड्यांमध्ये कित्येकदा तास-तास जातात. झाडाची सावली, दुपारची झळ, आणि अनेक फाटकांवर असलेली बारा तासांची पाळी. जिथे डुलकी लागण्याचा धोका सर्वांत मोठा तिथेच यंत्र सर्वांत उशिरा पोचते. कमी गाड्यांच्या मार्गावरील गेटमनला अधिक काटेकोर शिक्षण द्यावे लागते, ते याच कारणाने.

आणि एवढे सारे शिकून माणूस फाटकावर उभा राहिला की त्याची खरी परीक्षा घेतात ते रस्त्यावरचे लोक.

फाटक लागून दहा मिनिटे झालेली असतात. गाडी मागच्या स्टेशनवर रखडलेली असते. ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवतो, दुचाकीवाले मान वाकवून आडकाठीखालून चाके सरकवू लागतात. “गाडी कुठं दिसायली? सोडा की मामा, एवढ्यात निघून जातो,” अशी विनवणी होते, मग आवाज चढतो, मग गावच्या पुढाऱ्याचे नाव येते. किनवट तालुक्यात मराठीबरोबर गोरमाटी, गोंडी, कोलामी आणि तेलुगूही कानी पडते. दूरच्या मुलखातून बदलून आलेल्या फाटकवाल्याला नकार द्यायचा तरी कोणत्या भाषेत, असा पेच असतो. बंद फाटक परस्पर उघडणाऱ्यास 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 160 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत आणि मोडणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण ते कलम खोलीच्या भिंतीवर असते आणि वीस माणसे खोलीच्या दारात असतात.

त्याहून अवघड प्रसंग अडलेल्या बाईला घेऊन आलेल्या जीपचा. तिची सासू हात जोडून उभी असते. रुळावर नजर जाईल तिथवर काही दिसत नाही. माणुसकी एक सांगते, वही दुसरे. प्रशिक्षणात अशा वेळी काय करायचे ते स्वच्छ सांगितलेले असते: आकडा दिल्यावर फाटक स्वतःच्या अधिकारात उघडायचे नाही, स्टेशन मास्तरला फोन करायचा, त्याने परवानगी दिली तरच उघडायचे. वाचताना हे कोरडे वाटते. पण गाडी स्टेशनवरून सुटली आहे की नाही हे फक्त स्टेशन मास्तरला ठाऊक असते. फाटकवाल्याच्या डोळ्यांना दिसणारा मोकळा रूळ हा पुरावा नव्हे. ताशी 100 किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर कापते. वळणामागून ती दिसेपर्यंत जीप रुळांच्या मधोमध असू शकते. तेव्हा त्या सासूला नकार देणारा माणूस निर्दय नसतो. तिच्या सुनेला वाचवण्याचा त्याच्या हातातला तोच एक उपाय असतो. त्याला मात्र शिव्याच खाव्या लागतात.

एकदा ट्रॅक्टरची ट्रॉली खरोखरच रुळांत रुतली तर काय करायचे, तेही शिकवले जाते. फाटकावर दोन लाल झेंड्या, एक हिरवी, रात्रीसाठी हातबत्ती, आणि डब्यात रुळावर लावायचे फटाके असतात. इंजिनाचे चाक वरून गेले की ते धडाका करतात आणि चालकाला थांबण्याची सूचना मिळते. ब्रॉडगेजवर अडथळ्यापासून 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके लावायचे, असा नियम आहे. एकेरी मार्गावर गाडी कोणत्याही बाजूने येऊ शकते. म्हणून फाटकापाशी लाल खूण रोवून, ज्या बाजूची गाडी आधी अपेक्षित आहे त्या बाजूला लाल झेंडी दाखवीत धावायचे.

याचा हिशेब मांडून पाहावा. खडीवरून, उन्हातान्हात, चाळिशीतला माणूस ताशी 10 किलोमीटर वेगाने धावला तरी 600 मीटरला साडेतीन मिनिटांहून अधिक लागतात, 1200 मीटरला सात मिनिटांहून अधिक. तेच 1200 मीटर गाडी 43 सेकंदांत ओलांडते. गाडी आधीच जवळ आली असेल तर फाटकवाल्याचे धावणे व्यर्थ आहे. म्हणून झेंडी उचलण्याच्या आधी फोन उचलायचा, स्टेशन मास्तरला गाडी रोखायला सांगायचे, आणि मग धावायचे. घाबरलेला माणूस आधी ट्रॉली ढकलायला जातो, हा अगदी स्वाभाविक मनुष्यधर्म. प्रशिक्षण म्हणजे या स्वाभाविक धर्मावर मात करण्याचा सराव. दक्षिण मध्य रेल्वेचे मोठे प्रशिक्षण केंद्र सिकंदराबादेत मौला अली येथे आहे, पण हा सराव वर्गात बसून पुरता होत नाही. तो त्या त्या फाटकावर, त्या त्या खडीवरून धावूनच करावा लागतो.

रेल्वेने गेटमनला शिकवले, त्याच्या डोक्यावर ध्वनिमुद्रण ठेवले, उद्या कदाचित कॅमेरा येईल. रस्त्याच्या बाजूला उभे असणारे मात्र अशिक्षितच राहिले. वाहन चालवण्याचा परवाना देताना बंद फाटकापाशी किती वेळ थांबता येते याची परीक्षा कोणी घेत नाही. शाळेच्या जीपचालकाला महिन्याकाठी पगार देणाऱ्या संस्थाचालकाने, किंवा मुलाला त्या जीपमध्ये बसवणाऱ्या आईवडिलांनी, तो फाटकाखालून जीप काढतो का हे एकदा विचारायला हरकत नाही. मुलांना ते ठाऊक असते. घरी विचारले की सांगतात.

पाळी बदलताना फाटकाच्या खोलीत एक छोटासा सोपस्कार होतो. जाणारा आणि येणारा दोघे मिळून झेंड्या मोजतात, हातबत्ती लावून पाहतात, फटाक्यांच्या डब्यावरचे बनावटीचे वर्ष वाचतात, साखळी आणि कुलूप तपासतात, घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी जुळवून घेतात. मग तक्ता समोर येतो. शेवटचा खोडलेला आकडा कोणता ते दोघे पाहतात. नवा माणूस वहीत वेळ घालून सही करतो, आणि जाणारा सायकलला टांग मारून किनवटच्या वाटेला लागतो.