सारमेयासह नवेगांवबांध

हिमालयांतील सरोवरांचीं वर्णनें वाचून पुष्कळांचें मन तिकडे धांव घेतें. परंतु आपल्याच गोंदिया जिल्ह्यांतील नवेगांवबांधच्या तलावाकडे पायीं जाणारे विरळाच. येथें हिमशिखरें नाहींत. सातबहिणी नांवाच्या टेकड्या, त्यांच्या कुशींत पसरलेलें विस्तीर्ण पाणी आणि खालीं धानाचीं शेतें, एवढेंच काय तें. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें हा बांध घातला असें परंपरा सांगते. कोहळी लोक तळीं बांधण्यांत मोठे वाकबगार. टेकड्यांवरील देवतांनीं या कामीं हातभार लावला अशी लोकांची श्रद्धा असून खुद्द पाटीलही कोलासूर या नांवानें देवपदास पोंचला आहे. तळें बांधणारास देव मानणारी ही मंडळी आम्हांस फार सुज्ञ वाटते.

गेल्या माघांत आम्ही सपत्नीक तेथें गेलों. सोबतीस आमचा कुत्रा मोत्या होता. श्वानास संस्कृतांत सारमेय म्हणतात, तें सरमेचें अपत्य म्हणून. ऋग्वेदांतील ही सरमा पणींनीं दडविलेल्या गाई शोधीत रसा नदीपलीकडे गेली. मोत्याचा पराक्रम तितका नाहीं. पहिल्या मैलांत त्यानें दोन बेडकांची तेवढी चौकशी केली. त्यास आम्हीं दोरी लावूनच चालविलें, कारण हिवाळ्यांत दूरदेशींचीं बदकें पाण्याच्या कडेस विसावतात. त्यांस एकदां उठविलें कीं विश्रांति व चारा दोन्हीं अंतरतात.

पुढें अरण्याचें फाटक लागतें. नवेगांव १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आणि २०१३ सालीं नागझिऱ्यासह व्याघ्रप्रकल्प. आंत पाळीव कुत्र्यास मज्जाव आहे. बिबट्या कुत्र्यास उचलतो, एवढेंच कारण बहुतेक लोक समजतात. तें खरें आहेच. पण त्याहून मोठें भय उलट दिशेचें आहे. गांवकुत्र्यांतील डिस्टेंपर व पिसाळ हे रोग वन्य श्वापदांस जडतात. आफ्रिकेंतील सेरेंगेटींत १९९४ सालीं डिस्टेंपरच्या सांथींत सुमारें एकतृतीयांश सिंह मेले. २०१८ सालीं आपल्या गीरमधील मृत सिंहांपैकीं कांहींत हाच रोग आढळला. नवेगांव-नागझिऱ्यांत तर रानकुत्र्यांचे कळप आहेत. तीं मोत्याचींच भाऊबंद, म्हणूनच त्याचा रोग त्यांस सहज लागावयाचा. मोत्यास लस टोंचलेली होती. परंतु फाटकावरील रक्षकानें प्रत्येक कुत्र्याची खातरजमा कशी करावी?

“अहो, तुम्ही एकटे जाऊन या, मी मोत्यापाशीं बसतें,” असें आमच्या कुटुंबानें सुचविलें. गुडघे पुढील वर्षीं ही मजल करूं देतील असा भरंवसा नव्हता, त्यामुळें मन क्षणभर आंत ओढलें. धर्मराजानें श्वानावांचून स्वर्गरथांत पाऊल ठेवण्याचें नाकारलें, तेव्हां त्या श्वानाचा प्रत्यक्ष यमधर्म झाला. आमचा मोत्या मोत्याच राहिला, आणि फाटक बंदच.

आम्ही तिघेंही परतलों. गांवालगतच्या बांधावर बसून दशम्यांचें गांठोडें सोडलें. सूर्य टेकडीआड जातां जातां बदकांची एक रांग पाण्यावर उतरली. मोत्यानें कान टवकारले, एकवार आमच्याकडे पाहिलें, आणि दशमीचा तुकडा पुढच्या पायांत धरून तो पुनः आडवा झाला.